मफलरला काख नसते

"अहो, पण डोंबिवलीत मफलर घालणार कोण?" मी मफलर विणते म्हटलं की लोक हेच विचारतात, लोकलमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एकदा तर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं, म्हणजे उत्तर द्यायची सोयच नाही. एरवी मी हसून वेळ मारून नेते. पण तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

थंडीचं म्हणाल तर तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. आपल्याकडे हिवाळा म्हणजे पंखा पाचवरून दोनवर. सांताक्रूझला नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, आणि तेही २२ जानेवारी १९६२ चं. आता पारा अठरावर आला तरी सकाळी फिरायला जाणारे काका मंकी कॅप चढवतात आणि महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या हिमकणांचे फोटो ग्रुपवर टाकून थंडीची हौस भागवतात. एसी लोकल आल्यापासून काही मैत्रिणी माझी बाजू घेऊन भांडतात, "एसीत लागतो हो मफलर!" त्यांचे आभार, पण ही बाजू मला नकोच आहे. उपयोगी पडतो म्हणून मी मफलर विणतच नाही. उपयोगाचं विणकाम मी लहानपणी पोटभर पाहिलंय.

माझं माहेर नाशिकचं. तिथली थंडी ही थट्टा नव्हे. शेजारच्या निफाडकडे कडाका वाढला की द्राक्षबागांत रात्रीच्या शेकोट्या पेटतात. आई दसरा झाला की सुया बाहेर काढायची. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी युद्ध झालं तेव्हा घरोघरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणल्या. आई तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती, तिनंही विणल्या. पुढे आम्ही भावंडं हेच तिचं सैन्य. वाढत्या अंगाला स्वेटर आखूड व्हायचे आणि मग ते उसवायचे. उसवायचं काम आमचं, आणि ते आम्हाला फार आवडायचं. नेमका टाका कापून धागा ओढला की फर्रर्र करत ओळीमागून ओळ सुटत जायची. पण अशी सुटलेली लोकर सरळ नसते. टाक्याचा आकार तिच्या अंगात मुरलेला असतो, ती कुरळीच राहते. मग खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून तिची लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली पितळी तांब्या अडकवून वाळत टाकायची. तांब्याच्या वजनानं केस विंचरल्यासारखी लोकर सरळ व्हायची. तीच लोकर नव्या स्वेटरात, कमी पडली तर दुसऱ्या कुणाच्या जुन्या स्वेटरची पट्टी जोडून. माझ्या शाळेच्या निळ्या स्वेटरला कमरेशी भावाचा मरून पट्टा होता. बाईंनी तो कधी चालवून घेतला, कधी नाही.

आई गुणगुणत विणायची असं लिहायला मला आवडलं असतं. ती मोजत विणायची. काखेला किती टाके कमी करायचे, गळ्याला किती सोडायचे, दोन्ही बाह्या सारख्या आल्या का. मध्येच कुणी बोललं की नजर न उचलता नुसता हात वर करायची आणि आम्ही गप्प. चुकलं तर दोन-दोन संध्याकाळी उसवण्यात जायच्या. तिचे स्वेटर उत्तम असत, पण विणताना मजेत बसलेली आई मला आठवत नाही.

मफलरला काख नसते. एवढ्या एका गोष्टीवर मी हा सगळा संसार उभा केलाय. त्याला गळा नाही, बाही नाही, तो कुणाला आखूड होत नाही आणि कुणाला सैल होत नाही. स्वेटर फसला तर कपाटात जातो. मफलर फसला तर बघणारा म्हणतो, वा, डिझाइन आहे. लांबीलासुद्धा कायदा नाही. १९७४ साली बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेसाठी बेगोनिया पोप नावाच्या बाईंना मफलर विणायला दिला. वेशभूषाकारानं रंग नीट निवडता यावेत म्हणून ढीगभर लोकर पाठवली होती. बाईंनी ती सगळीच्या सगळी विणून टाकली! टॉम बेकर या नटानं तो गुडघ्याखाली लोळणारा मफलर तसाच गळ्यात घातला आणि पुढे तीच त्या पात्राची ओळख झाली. मफलर किती लांब करायचा, असं मला कुणी विचारलं की मी या बाईंचं नाव सांगते. लोकर संपेपर्यंत.

आता माझ्या लाडक्या मफलरबद्दल. जर्मनीत म्युनिककडे राहणाऱ्या एका बाईंनी २०१८ मध्ये वर्षभर आपल्या रेल्वेप्रवासाचा मफलर विणला होता. रोज दोन ओळी. गाडीला पाच मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तर राखाडी, अर्ध्या तासापर्यंत उशीर झाला तर गुलाबी, त्याहून जास्त झाला तर लाल. नंतर तो लिलावात ७,५५० युरोंना गेला आणि पैसे स्टेशनांवर अडल्यानडलेल्यांना मदत करणाऱ्या संस्थेला मिळाले. ही बातमी २०१९ च्या जानेवारीत मी लेडीज डब्यात उभ्यानं वाचली. आमच्या ग्रुपमध्ये लगेच ठराव आला की आपणही करायचा. पण उशिराचा मफलर मला नको होता. उशिराचं दुःख रोज उगाळलं जातंच, ते वर आणि विणायचं कशाला? मी ठरवलं, आपला मफलर बसायच्या जागेचा.

हिशोब असा. खिडकी मिळाली तर पिवळा. मधली सीट मिळाली तर हिरवा. चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर सरकून सरकून केलेली, जिच्यावर अर्धी मांडी हवेत असते ती, मिळाली तर नारिंगी. आणि उभ्यानं गेले तर राखाडी. फक्त सकाळचा प्रवास धरायचा, संध्याकाळचा नाही, कारण संध्याकाळी सीएसएमटीला गाडी पकडताना मी माणसात नसते.

ओळी दोनच का, तर दुसरी ओळ विणून झाली की धागा जिथून निघाला त्याच कडेला परत येतो. मग रंग बदलताना तो कापावा लागत नाही, कडेनं वर चढवता येतो. शिवाय सगळे सुलट टाके घातले की दोन ओळी मिळून एक उठावदार धार तयार होते. एक दिवस, एक धार. बोट फिरवून दिवस मोजता येतात. आणि नुसत्या सुलट टाक्यांच्या मफलरच्या कडा गुंडाळत नाहीत, दोन्ही बाजू सारख्या दिसतात. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणलं तर समोरून दिसतं सुंदर, पण मफलर कडेनं वळून नळी होतो. नव्यानं शिकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

गाडीत विणायला लांब सुया चालत नाहीत, कोपर शेजारणीच्या बरगडीत जातं. म्हणून मी वायरनं जोडलेल्या आखूड सुयांची जोडी वापरायची. पारसिकचा बोगदा येईपर्यंत दोन ओळी सहज व्हायच्या. राखाडी धार मात्र उभ्यानं विणता येत नाही, ती रात्री घरी, भाकऱ्या वगैरे उरकून. आणि इथेच ती गोष्ट झाली जी मी ठरवून कधीच केली नसती. थकलेल्या हाताचे टाके घट्ट पडतात. जिथे जिथे राखाडी धारा सलग आल्या तिथे मफलर बोटभर अरुंद झाला. पिवळ्या-हिरव्याशी पुन्हा सैल, पुन्हा रुंद. कडा नागमोडी झाल्या. ताई म्हणाली, टाके मोजून घे, कुठे तरी गळलेत. मोजले. एकही गळला नव्हता.

डब्यात सगळ्या जणी त्या मफलरवर नजर ठेवून असायच्या. "आज काय?" "नारिंगी." "अगं बाई." पावसाळ्यातल्या एका आठवड्यात राखाडीवर राखाडी चाललं होतं. तेव्हा आमच्या मागच्या बाकावरची एक, जिच्याशी माझं "कुठे उतरणार?" याच्या पलीकडे बोलणं नव्हतं, ती खिडकीतून उठली आणि म्हणाली, "किती दिवस राखाडी चाललंय तुमचं, बसा." आता हा हिशोब प्रामाणिक राहिला का? नाही राहिला. खिडकी मिळालेली नव्हती, दिलेली होती. त्याला वेगळा रंग हवा असं ग्रुपमधल्या अकाउंट्सवालीचं म्हणणं पडलं. मी पिवळाच विणला.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल थांबली. मी घरातल्या खुर्चीवर बसून काम करू लागले, खिडकी रोजचीच झाली आणि रंग निवडायला काही कारण उरलं नाही. बरेच महिने टाके सुईवर तसेच होते. मग एका रविवारी बंद करून टाकले. शेवटची धार हिरवी आहे, मधली सीट. तो मफलर आता त्या खिडकीवालीकडे असतो. तीही तो घालत नाही, डोंबिवलीतच राहते ना.

या मफलरनंतर मी चेकाळले म्हणायला हरकत नाही. नवरात्राचा एक झाला. पहिल्या सात दिवसांचे रंग वारावर चालतात हे मला तो विणताना कळलं. रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, शनिवारी बिचारा राखाडी. म्हणजे दरवर्षी क्रम सरकतो आणि त्या वर्षी नवरात्र कोणत्या वारी बसलं हे मफलरवरून ओळखता येतं. दिसायला तो मला काही फारसा आवडला नाही. राखाडीशेजारी राणी रंग कुणाचंच भलं करत नाही.

मग शेवग्याची शेंग. ही मात्र जमली. मैत्रिणीचा मुलगा शिकायला जर्मनीला, स्टुटगार्टला गेला आणि फोनवर सारखा शेंगांच्या आमटीचं काढायचा. शेंग म्हणजे मुळात मफलरच. लांब, अरुंद, उभ्या धारांची. दोन सुलट, दोन उलट असं शेवटपर्यंत विणत गेलं की धारा आपसूक येतात. खरी कसरत बियांच्या फुगवट्यांची. ठरावीक अंतरावर एका टाक्यात तीन टाके वाढवायचे, त्या तिघांवरच चार ओळी पुढे-मागे विणायच्या आणि मग तिन्ही एकत्र घेऊन पुन्हा एक करायचा. बोटानं आतून जरा ढकललं की बी बाहेर येते. रंगासाठी गर्द हिरवा आणि मळकट पोपटी असे दोन बारीक धागे एकत्र धरले, त्यानं शेंगेसारखा खडबडीत हिरवा येतो. दोन्ही टोकांना टाके कमी करत करत एक उरवला आणि देठ केला. मुलगा तो घालून ट्रामची वाट बघत होता, तर शेजारी उभी असलेली तमिळ मुलगी एकदम ओरडली, "मुरुंगक्काय!" पुढचं मला माहीत आहे, पण सांगायची परवानगी नाही.

सुयांबद्दल एक सूचना, कारण परदेशी नमुने बघून विणणाऱ्या हल्ली बऱ्याच जणी आहेत. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकन नंबर उलटे चालतात, त्यांची दहा नंबरची सुई सहा मिलिमीटरची. माझ्या भाचीनं अमेरिकन नमुना बघून आपली दहा नंबरची सुई घेतली आणि जो मफलर झाला तो पट्टा म्हणून कमरेला बांधता येईल असा होता. मिलिमीटर बघा, नंबर बघू नका. लोकरीचं म्हणाल तर मुंबईत मी अस्सल लोकर टाळते. कसर लागते, डांबरगोळ्यांचा वास जात नाही आणि मानेला टोचते ते वेगळंच. लुधियानाची ॲक्रिलिक स्वस्त आणि टिकाऊ, रंगही भडक मिळतात, आणि भडकच हवेत. सुती धाग्यात लवचीकपणा नसतो, मफलर आपल्याच वजनानं लांबत जातो. शेंगेला ते चाललं असतं म्हणा.

तुमचा पुढचा प्रश्नही मला ठाऊक आहे: विकता का? नाही. मशीनचा मफलर फूटपाथवर दीडशे-दोनशेला मिळतो आणि उबदार असतो. माझ्या तासांचा हिशोब लावला तर शेंगेची किंमत ऐकून तुम्ही खरंच गार पडाल. शिवाय पैसे घेतले की समोरचा रुंदी विचारणार, लांबी विचारणार, धुतल्यावर रंग जाईल का विचारणार. म्हणजे आलीच पुन्हा काख.

सध्या शेंगवाल्या त्या मुलानं कारल्याची मागणी केली आहे, दोन हवेत म्हणतो. कारल्याच्या गाठी शेंगेच्या बियांपेक्षा कितीतरी जास्त आणि एकसारख्या कुठेच नसतात, त्यामुळे हे काम लांबणार. परवा भाजीवाल्याकडून एक चांगलं खडबडीत कारलं आणून नमुन्यासाठी फ्रिजमध्ये ठेवलं होतं. ह्यांनी त्याची भाजी केली. उद्या दुसरं आणते.