मासुन्ते, मेक्सिको

सॅक खोलीत टाकली आणि थेट पॅसिफिक गाठला. वाहाका राज्यातलं हे चिमुकलं गाव एकेकाळी कासवांच्या कत्तलखान्यावर जगायचं. १९९० मध्ये सरकारने कासवं मारायला बंदी घातली, आता इथे कासवांचं संग्रहालय आहे. टाकीतलं एक कासव काचेला नाक लावून बघत होतं. मानेला सुरकुत्याच सुरकुत्या!

क्लासमध्ये क्रियापदं घोकून जेवढं स्पॅनिश आलं नाही, तेवढं आज किनाऱ्यावरच्या नारळवाल्या काकूंनी बोलायला लावलं. कोयता चालू, तोंडही चालू. कुठली, लग्न झालंय का, एकटी कशी फिरतेस? (प्रश्न जगभर तेच!) माझं सगळं वर्तमानकाळातच भागतंय, भूतकाळ नंतर बघू.

उद्या शेजारचं सिपोलिते. तिथले प्रवाह माणसाला ओढून नेतात, त्यामुळे फक्त पाय भिजवणार.