समुद्र उशाला, तरी काटकसर कशाला?

"तुमच्याकडं तर समुद्राचं पाणी गोड करतात म्हणे. मग बागेला पाणी घालायलासुद्धा वार ठरवून का?" आम्ही ऑस्ट्रेलियातल्या पर्थला राहायला आल्यापासून सोलापूरची मंडळी हे विचारत आलीत. मावशीचा सूर तर असा, की श्रीमंत देशात राहून आम्ही उगीच चिंगूसपणा करतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गोड करतात हे खरं. क्विनानाचा प्रकल्प 2006 साली सुरू झाला, बिनिंगपचा 2011 साली. पण हजार लिटरमागे साडेतीन-चार युनिट वीज जाते, फुकट काही नाही. आणि ही हौस नव्हे, नाइलाज आहे. इथला पाऊस साधारण आपल्या पावसाळ्याच्याच महिन्यांत पडतो. 1970 नंतर तो 15 ते 20 टक्क्यांनी घटला. धरणात येणारं पाणी मात्र त्याहून कितीतरी जास्त आटलं. कोरडी जमीन आणि जंगल आधी आपली तहान भागवतात, उरलं तर ओढ्याला.

आता वारांचं. इथल्या घरातलं सुमारे 40 टक्के पाणी घराबाहेर जातं, म्हणजे मुख्यतः हिरवळीवर. दात घासताना नळ बंद ठेवा वगैरे ठीकच; पण खरा पिणारा अंगणात पसरलेला असतो. त्यात जमीन म्हणजे नुसती पांढुरकी वाळू. वाळली की तिचे कण मेणचट होतात. पाइपनं पाणी मारलं तर थेंब पाऱ्यासारखे गोळे होऊन घरंगळतात. वर ओलं दिसतं, दोन बोटं उकरलं की खाली कोरडी ठणठणीत. पाणी मुरावं म्हणून दुकानात औषध मिळतं, ते आधी टाकायचं, वर कंपोस्ट कालवायचं, मग पाणी.

म्हणून घर नंबरच्या शेवटच्या आकड्यावरून आठवड्यातले दोन वार ठरलेत, तेही सकाळी 9 च्या आत किंवा संध्याकाळी 6 नंतर. जून ते ऑगस्ट स्प्रिंकलर बंद. पावसाळ्यात झाडांना पाणी घालू नका, हे नियम करून सांगावं लागतं याचं मला अजून हसू येतं. पण टायमर लावून विसरलेली माणसं सगळीकडं असतात.

आम्ही पुढची हिरवळ उपटून कांगारू पॉ आणि ग्रेव्हिलिया ही इथली मूळची झाडं लावली. मुळं धरेपर्यंत पाणी घातलं, नंतर जवळपास नाहीच. शेजारच्या आजोबांना ते रान वाटतं.

सांडपाणीसुद्धा 2017 पासून पिण्याच्या दर्जाचं करून भूगर्भात सोडतात आणि पुढं कधीतरी तिथूनच उपसतात. "म्हणजे तुम्ही ते पिता?" पितो, मावशी.

हे सगळं सोलापुरात लागू होईल का, असंही लगेच विचारतात. फारसं नाही. मावशीकडं हिरवळ कुठली? तुळस आहे, तिलाही तांदूळ धुतलेलं पाणी जातं. तिथली नासाडी वेगळी आहे. पाणी काही दिवसांआड येणार, किती वेळ टिकेल याचा भरवसा नाही. म्हणून पिंपं, कळशा, पातेली सगळं भरून ठेवायचं, आणि नवं पाणी आलं की शिळं मोरीत ओतायचं. गल्लीत कितीतरी नळांना तोट्याच नाहीत. पाणी आलेलं आवाजावरून कळतं, भरून झालं की ते गटारीला. ही उधळपट्टी टंचाईनंच शिकवलेली आहे, आळसानं नव्हे. अशा बाईला काटकसरीचे धडे कुठल्या तोंडानं द्यायचे? रोज ठरल्या वेळी अर्धा तास जरी पाणी आलं, तर ती साठवणार नाही आणि ओतणारही नाही. त्यासाठी जमिनीखालची गळती शोधावी लागेल, घराघरात मीटर बसवावे लागतील. आणि मीटरचं नाव काढलं, की विरोधाच्या मोर्चात मावशी सगळ्यात पुढं असेल, हेही मला माहीत आहे.