तुम्ही विचारलंत म्हणून: "ट्रीटमेंट कधी संपणार?"

फोनवर, लिफ्टमध्ये, शाळेच्या मीटिंगला, कुठेही. "छान दिसतेयस गं, किती राहिलंय आता?" प्रेमानेच विचारता, माहितीये मला. तरी दरवेळी पोटात गोळा येतो आणि मी काहीतरी पुटपुटून विषय बदलते. आज नाही बदलत.

नाही संपणार.

पहिल्या वेळेला संपली होती, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा ब्रेस्ट कॅन्सरची स्टेज दोन होती, ऑपरेशन, केमो, रेडिएशन, मग पाच वर्षं रोजची गोळी, झालं. ह्यावेळी कॅन्सर मणक्यात निघाला. हाडात गेला म्हणून हाडांचा कॅन्सर होत नाही हो, पेशी ब्रेस्टच्याच असतात, म्हणून औषधंही ब्रेस्टचीच. आणि आता औषधाचं काम त्याला दाबून ठेवणं. जोवर ते काम करतंय आणि मला झेपतंय तोवर तेच, नाही तर पुढचं. केस का गेले नाहीत विचारता, तर ही सलाईनमधली केमो नव्हती, गोळ्या होत्या. एक रोजची, दुसरी 21 दिवस घ्यायची आणि 7 दिवस सुट्टी, मग रक्त तपासायचं, न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 1000 च्या खाली असल्या तर पुढची सायकल पुढे ढकलायची. केस थोडे विरळ झालेत, सांधे सकाळी धरतात, आणि थकवा असा येतो की दुपारी केसांतून कंगवा फिरवायलाही हात उचलत नाही. ते तुम्हाला दिसत नाही कारण त्या वेळी मी तुमच्यासमोर नसते.

पण खरं सांगायचं तर ह्या प्रश्नाचा राग मला तुमचा येत नाही, माझाच येतो. कारण एकदा मी त्याचं उत्तर दिलं होतं.

गोळ्या सुरू होऊन सहा महिने झाले होते. पेट स्कॅनचा रिपोर्ट आला, कॅन्सर जागा असेल तिथे त्यात चमकतं, आणि मणक्यातलं काही चमकत नव्हतं. डॉक्टर म्हणाले रिस्पॉन्स खूप चांगला आहे, आहे तेच चालू ठेवू. "चालू ठेवू" हे मी ऐकलं, नीट ऐकलं. घरी आले, लेक दारातच उभी होती, दहा वर्षांची, तिने विचारलं आई संपलं का, आणि मी म्हटलं हो, संपलं. ती इतकी रडली, इतकी हसली, तिने वर्गात सांगितलं, बाईंना सांगितलं, आजीला फोन करून सांगितलं. मी कुणालाच थांबवलं नाही. गोळ्या कसल्या म्हणून तिने विचारलं तेव्हा म्हटलं ताकदीच्या.

चौदा महिन्यांनी लिव्हरमध्ये दोन ठिपके आले. औषध बदलायचं ठरलं, आणि आता ते ताकदीच्या गोळीसारखं लपवता येणार नव्हतं. इंजेक्शनं होती, दोन्ही कुल्ल्यांवर एकेक, पहिल्या महिन्यात दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याला, तेलकट घट्ट औषध, अगदी हळूहळू आत सोडतात, नंतर दोन दिवस बसताना कळ येते. त्या रात्री तिला सांगितलं. ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली होती, तशीच म्हणाली, "तू म्हणाली होतीस संपलं." मी पाठीवर हात ठेवला, तिने तो काढला. जोरात नाही, हळूच, उचलून बाजूला ठेवला. मणक्याचा रिपोर्ट ऐकताना झालं नव्हतं तसं काहीतरी त्या क्षणी झालं मला.

पुढे कित्येक दिवस ती शाळेत जाताना माझ्या बॅगेतली फाइल उघडून बघायची. मला दिसायचं, मी काही बोलले नाही.

आता कुणी म्हणेल दहा वर्षांच्या मुलीला काय सांगणार होतीस. मीही स्वतःला तेच सांगते. तिला वर्षभर तरी निवांत झोप मिळाली ना. मिळाली. पण मग दुसरी मी म्हणते, झोप तिला हवी होती की तुला? त्या दिवशी मलाच कुणाला तरी "संपलं" म्हणायचं होतं, मोठ्याने, एकदा. ह्या भांडणात अजून कुणी जिंकलेलं नाही.

"पॉझिटिव्ह राहा, तू फायटर आहेस" हेही नको, खरंच. पहिलं औषध चालेनासं झालं कारण कॅन्सरच्या पेशींनी वाट काढली, मी कुठे कमी पडले म्हणून नाही. आणि पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांकडे जाते म्हटल्यावर तुमचे चेहरे उतरतात, माझाही उतरला होता, त्या शब्दाच्या भीतीने मी एक वर्ष पाठदुखी अंगावर काढली. त्यांनी दुखण्याची औषधं नीट बसवून दिली आणि मी पुन्हा रोज चाळीस मिनिटं चालायला लागले. वर्ष वाया घालवलं मी ते.

मग मजेत आहेस म्हणतेस ते खोटं का? नाही. स्कॅनच्या आधीचा आठवडा सोडला तर मजेत असते. त्या आठवड्यात फोन नका करू. बाकी दिवशी काम करते, लेकीशी भांडते, दुपारी झोपते, संध्याकाळी चालते. हे सगळं संपल्यावर जगायचं म्हणून मी काहीही ठेवून दिलेलं नाही, कारण ते "संपल्यावर" माझ्याकडे नाहीये, आणि तुम्ही विचारता तेव्हा मला ते पुन्हा एकदा हातातून खाली ठेवावं लागतं.

परवा लेकीने विचारलं, हे इंजेक्शन किती दिवस चालेल. मी म्हटलं, माहीत नाही गं. "बरं," म्हणाली आणि अभ्यासाला बसली. थोड्या वेळाने बघितलं तर पुस्तकाचं तेच पान उघडं होतं. मी शेजारी जाऊन बसले. ह्यावेळी तिने हात काढला नाही, पण काही बोललीही नाही.