चार आठवड्यांत दहा शिफ्ट

माझे तास कमी करून मिळाले हे वॉर्डात कळल्यापासून कुणी ना कुणी मला ब्रेक रूममध्ये गाठतंच, आणि प्रश्न ठरलेला, "तू नेमकं काय सांगितलंस गं तिला?" ती म्हणजे आमची वॉर्ड मॅनेजर. विचारणाऱ्या बहुतेक आपल्याकडच्या, केरळच्या, पंजाबच्या, एक नागपूरची. सगळ्यांना वाटतं मी काहीतरी रडगाणं गायलं असणार, बाळ, आजारी सासू, पाठदुखी वगैरे. तसं काहीच नाही, मी एक कागद नेला होता आणि त्यावर आकडे होते. तो कागद कसा तयार झाला ते लिहिते, कारण प्रत्येकीला वेगळं सांगायला तीस मिनिटांचा ब्रेक पुरत नाही.

मी इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एका हॉस्पिटलात बँड ५ (ही पगाराची श्रेणी) स्टाफ नर्स आहे, मूळची मिरजेकडची. आमचा लाँग डे सकाळी साडेसातला सुरू आणि रात्री आठला संपतो (संपतो म्हणे, हँडओव्हर लांबला की साडेआठ). मुलीची नर्सरी उघडते आठला आणि बंद होते सहाला. बस, एवढंच आहे सगळं. नवरा आयटीत, त्याला आठवड्यातले काही दिवस ट्रेनने ऑफिस गाठावं लागतं, आणि त्या दिवशी माझा लाँग डे आला की आमच्याकडे सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी दोन-अडीच तास असं एक भोक पडतं जे पैसे टाकूनही बुजत नाही. आईबाबा, सासूबाई सगळे तिकडे. लोक म्हणतात सरकार आठवड्याला ३० तास फुकट देतं की नर्सरीचे, हो देतं, पण आईबाप दोघांच्याही व्हिसावर सरकारी मदत नाही असं लिहिलेलं असेल तर ते ३० तास नाहीत, मूल तीन वर्षांचं झाल्यावर सगळ्यांना मिळतात ते १५ तास तेवढे, तेही वर्षातले ३८ आठवडे.

पार्ट टाइम हा शब्दच आधी तोंडातून निघेना. भारतात मी जिथे काम केलं त्या खाजगी हॉस्पिटलात पार्ट टाइम कोण असायचं तर व्हिजिटिंगला येणारे डॉक्टर. नर्सला दोनच गोष्टी माहीत, ड्युटी नाहीतर राजीनामा. बाळंतपणाची रजा २०१७ पासून कायद्याने २६ आठवडे झाली ते चांगलंच झालं, पण सत्ताविसाव्या आठवड्यात परत तीच मॉर्निंग-इव्हिनिंग-नाईट, आणि जमत नसेल तर मेट्रन मॅडम म्हणणार, "बघ बाई, बाहेर शंभर मुली उभ्या आहेत." माझी एक मैत्रीण महाराष्ट्र शासनाच्या रुग्णालयात आहे, तिला निदान १८० दिवसांची बालसंगोपन रजा तरी आहे. पण रजा वेगळी आणि कायमचे तास कमी करणं वेगळं. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं एवढ्या लांब गेलीस ती काय अर्धी नोकरी करायला?" मी म्हटलं आई, अर्धी नाही, पाऊण. त्यांना ते पटलं नाही ते नाहीच, पण कॉल संपता संपता मुलीला कोण आणतं शाळेतून ते मात्र तीनदा विचारून झालं.

आता इथला कायदा. एप्रिल २०२४ पासून इथे कामाच्या पहिल्या दिवसापासून कुणालाही फ्लेक्झिबल वर्किंगचा, म्हणजे कामाचे तास किंवा दिवस बदलून मागण्याचा, अर्ज करता येतो, वर्षात दोनदा, आणि मालकाने दोन महिन्यांत उत्तर द्यायचं, नकार द्यायचा असेल तर आधी बसून बोलायचं. एनएचएसमध्ये तर हे २०२१ च्या सप्टेंबरपासूनच आहे आणि अर्ज किती वेळा करावा याला मर्यादा नाही. नकाराची कारणं पण ठरलेली आहेत, आठच, म्हणजे खर्च वाढतो, काम बाकीच्यांत वाटता येत नाही, नवीन माणूस घेता येत नाही, कामाचा दर्जा घसरतो अशी. आणि एनएचएसमध्ये मॅनेजरला जमत नसेल तर विषय तिथे संपत नाही, वरच्या पायरीवर जातो, तिथे दुसऱ्या वॉर्डात वगैरे काही जमतंय का ते बघतात. पण लक्षात घ्या, हा मागण्याचा हक्क आहे, मिळण्याचा नाही. हे दोन्ही एकच समजून भांडायला गेलेल्या मुली मी पाहिल्यात, आणि आधीच "आपल्याला कोण देतंय" म्हणून गप्प बसलेल्या त्याहून जास्त पाहिल्यात.

अर्जाच्या आधी व्हिसा. हे कुणी सांगत नाही, इथल्या गोऱ्या मैत्रिणींना सांगता येतही नाही कारण त्यांना हा विषयच नसतो. हेल्थ अँड केअर व्हिसावर असाल तर पगाराची एक खालची रेघ आहे, एप्रिल २०२५ पासून वर्षाला २५,००० पौंड, आणि तास कमी झाले म्हणून ती रेघ खाली येत नाही. शिवाय धरतात तो मूळ पगार, नाईट आणि रविवारचे जादा पैसे त्यात मोजत नाहीत. २०२५-२६ ला बँड ५ ची सुरुवात ३१,०४९ पौंडांवर. आता कुणी नवीन आलेली मुलगी ०.८ वर जाते म्हणाली, म्हणजे फुल टाइमच्या ऐंशी टक्के, आठवड्याला ३० तास, तर तिचा पगार होतो २४,८३९. दीडशे-एकशे साठ पौंडांनी रेघेच्या खाली! मॅनेजर हसतमुखाने हो म्हणेल, तिला बिचारीला व्हिसाचं काय माहीत, आणि लफडं होईल एचआरमध्ये. मी दोन वर्षं भरल्यामुळे मधल्या पायरीवर होते, ३३,४८७ वर, म्हणून मला जागा होती. तरी मी आधी हॉस्पिटलच्या, आमच्या व्हिसांचं बघणाऱ्या स्पॉन्सरशिप टीमला ईमेल टाकला आणि लेखी उत्तर घेतलं, कारण कुणाचा व्हिसा कुठल्या तारखेचा त्यावर नियम फिरतात, आणि तास-पगार बदलला की होम ऑफिसला (व्हिसा देणारं इथलं गृहखातं) कळवायचं काम त्यांचंच असतं. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या ताईंचं ऐकून हे करू नका. माझंही ऐकून करू नका, ईमेल टाका.

मग गणित. फुल टाइम म्हणजे आठवड्याला ३७.५ तास. लाँग डे साडेबारा तासांचा दिसतो पण पगारी ११.५, म्हणजे चार आठवड्यांच्या रोटाला (ड्युटीच्या वेळापत्रकाला) १५० तास आणि १३ शिफ्ट. सगळ्या जणी जाऊन सांगतात मला ०.८ द्या. आता चार आठवड्यांचे १२० तास भागिले ११.५ करून बघा, दहा शिफ्ट आणि वर पाच तास लोंबकळतात. ते पाच तास साठत जातात, दोन-तीन महिन्यांनी मॅनेजर म्हणते तू एक शिफ्ट देणं लागतेस, आणि ती शिफ्ट नेमकी त्याच दिवशी पडते ज्या दिवसासाठी आपण हे सगळं केलं. म्हणून मी टक्क्यात मागितलंच नाही, शिफ्टमध्ये मागितलं. चार आठवड्यांत दहा शिफ्ट, म्हणजे ११५ तास, म्हणजे आठवड्याला २८.७५. पगार २५,६७३. रेघेच्या वर, थोडीशीच पण वर. ज्यांना फार कमी करायचं नाही त्यांच्यासाठी आठवड्याला सरळ तीन लाँग डे, ३४.५ तास, ती चौथ्या आठवड्यातली तेरावी शिफ्ट गेली तरी जीवात जीव येतो, आणि नवीन मुलींनाही ते व्हिसात बसतं.

हे झालं माझ्या बाजूचं, पण खरी मेख मॅनेजरच्या बाजूला आहे आणि ती समजून न घेता आत जाण्यात अर्थ नाही. तिच्याकडे वॉर्डाचे तास मोजून मिळालेले असतात. मी ८.७५ तास सोडले तर ते तास तिचेच राहतात, पण आठवड्याला ८.७५ तासांसाठी नवीन नर्स कोण येणार? एक शिफ्टसुद्धा होत नाही. मग ती जागा बँक शिफ्टने (बँक म्हणजे सुट्या शिफ्ट करणाऱ्यांची हॉस्पिटलची यादी) भरायची, रोज कुणाला तरी फोन करत बसायचं, आणि बँकेचं कुणी आलं नाही की वॉर्डात एक कमी. ती नाही म्हणते ते आपल्यावर राग असतो म्हणून नाही, तिला दिसत असतो हा तुकडा. तर आमच्या वॉर्डात एक सीनियर सिस्टर होती, पेन्शनचा काही भाग घेऊन कमी तासांवर काम चालू ठेवायचं असं एक इथे निघालंय, ती त्यात आठवड्याला दोन लाँग डेवर येणार हे सगळ्यांना माहीत होतं. ती २३ तासांवर आली म्हणजे तिचे सुटले १४.५. माझे ८.७५. बेरीज २३.२५, म्हणजे आठवड्याला दोन लाँग डेची एक अख्खी जाहिरात निघू शकते! हे माझ्या डोक्यात रात्री भांडी घासताना आलं आणि मी ओल्या हाताने मोबाईलवर परत परत गुणाकार करून बघितला.

कायद्याने आता तुमच्या मागणीचा कामावर काय परिणाम होईल हे लिहिणं बंधनकारक नाही, पूर्वी होतं. मी तरी लिहिलं. माझ्या मते तोच अर्जाचा जीव आहे. बाळाचं एका ओळीत, नर्सरीच्या वेळा, बस. बाकी पानभर रोटा. हा फ्लेक्झिबल वर्किंगचा रीतसर अर्ज आहे असं वर लिहायचं, तारीख टाकायची, बदल कधीपासून हवा ते लिहायचं, आधी कधी अर्ज केला असेल तर ते. कॉरिडॉरमध्ये चालता चालता विचारलेलं धरत नाहीत, आणि आपण नेमकं तिथेच विचारतो.

मीटिंगला ती म्हणाली, "मला आधी सांग, तू सोडून तर चालली नाहीस ना?" मी म्हटलं नाही, सोडायला लागू नये म्हणूनच आले. मग कागद बघितला, बराच वेळ बघितला, आणि पहिला प्रश्न आला वीकेंडचा. हे मला अपेक्षितच होतं. पार्ट टाइम म्हणजे सोमवार ते शुक्रवार आणि दिवसाच असं सगळ्यांना हवं असतं, आणि मग शनिवार-रविवार, नाईट कुणी करायच्या? मी म्हटलं नाईट माझ्या वाट्याच्या देईन, वीकेंडही देईन, मला फक्त मंगळवार नको, त्या दिवशी नवऱ्याचं ऑफिस चुकत नाही. बाकीचे दिवस रोटा कसाही लाव, चार आठवडे आधी मिळाला पाहिजे. तिने दोन ठरलेले दिवस देता येणार नाहीत हे लगेच सांगितलं, मी मागितलेच नव्हते. मग म्हणाली तीन महिने ट्रायल करू. त्यावर मीच उडी मारली, कारण हे सगळं एकदा काँट्रॅक्टमध्ये गेलं की कायमचं असतं, परत फुल टाइम व्हायचं तर जागा असेल तरच. ट्रायल तिच्यापेक्षा माझ्याच सोयीची होती. ती संपेल तेव्हा बसायची तारीख तिथल्या तिथे लिहून घेतली.

पैशांचं सांगते, कारण खरा प्रश्न तोच असतो, फक्त कुणी मोठ्याने विचारत नाही. मूळ पगार वर्षाला ७,८०० पौंडांनी कमी झाला पण हातात येणारा तेवढ्याने नाही, टॅक्स कमी, एनआय (नॅशनल इन्शुरन्स, पगारातून होणारी सरकारी विम्याची कपात) कमी, पेन्शनची कपात खऱ्या मिळणाऱ्या पगारावर धरतात म्हणून तिचाही टक्का खाली आला. महिन्याला साधारण ४०० पौंडांचा फटका, आणि जादा तासांचे पैसे गेले ते वेगळे. नर्सरीचे दिवस कमी झाले त्यात बराचसा निघाला, सगळा नाही. घरी पाठवायची रक्कम आम्ही कमी केली नाही, बाहेरचं खाणं आणि अमुक-तमुक सेल कमी झाले. रजा पण तासांत परत मोजली, बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्ट्या) धरून २६२.५ तास होते ते २०१ च्या आसपास आले, ते एकदा स्वतः ताडून बघा, आमच्याकडे आधी बँक हॉलिडे धरायचे राहिले होते. रजिस्ट्रेशनची काळजी करू नका, एनएमसीला (नर्सेसची नोंदणी करणारी इथली संस्था) तीन वर्षांत कामाचे ४५० तास लागतात, ते असे चालता चालता होतात. आणि तुम्हाला आणताना हॉस्पिटलने खर्च केलेला असेल तर काँट्रॅक्टमधलं ते पैसे परत करायचं कलम आधी वाचा, बहुतेक ते नोकरी सोडण्यापुरतं असतं पण वाचा.

ट्रायल संपल्यावर पत्र आलं, दहा शिफ्ट, मंगळवार सोडून. २३ तासांच्या जाहिरातीवर एक जण आली, दोन शाळकरी मुलांची आई, तिला तेवढेच तास हवे होते. वॉर्डात एकदोघींनी तोंड वाकडं केलं, "तुझं बरंय बाई" वगैरे, त्यातल्या एकीने परवा माझ्याकडून तो कागद फोटो काढून नेला. रविवार मात्र मी कुणाला देत नाही, नवरा घरी असतो, नर्सरी तशीही बंद, आणि रविवारचे साठ टक्के जास्त मिळतात.