आमची वाटचाल : पडद्याविना माहितीपट

आमचा मूळ धंदा ध्वनिमुद्रणाचा. जाहिराती, बोलकी पुस्तकं, फोनवरच्या त्या कंटाळवाण्या सूचना. घर त्यावरच चालतं. ओढ मात्र रूपकांची, म्हणजे नुसत्या आवाजातून उभ्या राहणाऱ्या रेडिओ-माहितीपटांची. आकाशवाणीच्या पुणे केंद्राची (१९५३) रूपकं ऐकत आमची आधीची पिढी मोठी झाली. आता तसं काही करायचं तर ते पॉडकास्ट म्हणून टाकायचं आणि किती जणांनी अर्ध्यातच बंद केलं ते आकड्यांत बघत बसायचं.

इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आम्ही एक रूपक केलं. इअरफोनमध्ये माग अगदीच मिळमिळीत वाजायचा. सबवूफर (खालचे जड आवाज काढणारा स्पीकर) लावून छोट्या सभागृहात वाजवला, तेव्हा धोट्याचा, म्हणजे मागात आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या भागाचा, दणका खुर्चीतून पाठीत शिरला. तिथून हे रंगमंचावर करायचं ठरलं.

नुसतं रेकॉर्डिंग वाजवलं तर लोक दहा मिनिटांत मोबाइल काढतात. म्हणून निवेदक समोर जिवंत, बाजूला कांडी भरण्यापासून (धोट्यातल्या नळीवर सूत गुंडाळण्यापासून) पावसापर्यंतचे आवाज हातानं काढणारी एक नटी, आणि मुलाखतींचे तुकडे लॅपटॉपवर सुटे, प्रत्येक तुकड्याला वेगळा क्यू, म्हणजे तो सुरू करायचा इशारा. एकसंध फाइल चालतच नाही. आमच्या रूपकातला जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा कामगार, सांगतो, की घरी गेल्यावरही तो ओरडूनच बोलतो. पुण्यात यावर हशा पिकतो, तो ओसरेपर्यंत पुढचं वाक्य थांबवावं लागतं. इचलकरंजीत कुणी हसत नाही, माना डोलतात; तिथे पुढचा क्यू लगेच. म्हणून ऑपरेटर मागच्या केबिनमध्ये न बसता प्रेक्षकांतच बसतो. माझ्या मते आमच्या प्रयोगातला खरा नट तोच.

सॅन फ्रान्सिस्कोत २००९ साली सुरू झालेलं ‘पॉप-अप मॅगझिन’ हे रंगमंचावर सादर होणारं मासिक आपल्या प्रयोगांचं चित्रीकरण करत नसे. आम्हीही करत नाही. ‘मग स्टेजवर बघायचं काय?’ हा प्रश्न आयोजक हमखास विचारतात. बरंचसं काळोखात आहे म्हटलं, की भाव पाडतात.

कागदपत्रांचं त्रांगडं वेगळंच. नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यावी लागते, त्यामुळे मुलाखतींतला शब्दन् शब्द उतरवून काढला, शिव्यांसकट. तिकीट पाचशेच्या आत ठेवतो; तिथवर नाट्यप्रयोगाला जीएसटी नाही. सभागृहाचं भाडं, ध्वनियंत्रणा, टेम्पो वजा जाता फार उरत नाही. मोठं नाट्यगृह आम्ही मुद्दाम टाळतो. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कांडीवाल्या बाईचा श्वास ऐकू यायला हवा.

पैशाचा एकच नियम पहिल्यापासून पाळलाय. नाटकात नटाला नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, मिळते, तशी ज्यांचे आवाज वाजतात त्यांनाही देतो. ते सभागृहात नसले तरी. जॉबरमामांना पहिल्यांदा पैसे पाठवले, तेव्हा त्यांनी फोन करून बजावलं, चुकून आले असतील, परत घ्या. आता प्रयोग पुढे ढकलला, की तेच आधी विचारतात, पुढची तारीख कधीची?