जांबोटीच्या पावसाचं टेकवेअर: बाह्या लागल्या, टोपी बाकी

गाडीवर आणि चालताना घालायचं पावसाळी जॅकेट शिवतोय, टेकवेअरच्या, म्हणजे कामगिरी बघून बेतलेल्या कपड्यांच्या धर्तीवर. अंग जोडून झालं, बाह्या लागल्या, आतल्या शिवणींवर टेप बसवणं अर्ध्यावर आलंय. टोपी अजून कागदावरच आहे. या वेळी सगळ्यात जास्त डोकं बगलेत गेलं, म्हणून आधी तेच, पण सुरुवात कापडापासून.

मेम्ब्रेनचं, म्हणजे मध्ये पाणी अडवून वाफ सोडणारा पातळ पडदा असलेलं तीन थरांचं कापड मी मुद्दाम घेतलं नाही. गोअर-टेक्स या अशाच कापडाची सगळी करामत ताणलेल्या पीटीएफई या प्लॅस्टिकच्या बारीक छिद्रांत आहे. बॉब गोअर यांना ते 1969 मध्ये सापडलं. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून आत शिरत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. पण वाफ जाते ती आत-बाहेरच्या फरकावर. आल्प्सच्या थंडीत तो फरक भरपूर असतो. जुलैत बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीला बाहेरची हवाच ओलीचिंब, त्यामुळे वाफेला बाहेर ढकलणारा जोर निम्म्यावर येतो. त्यात वरच्या कापडाचं पाणी झटकणारं फिनिश झिजलं, की कापड पाणी पितं आणि तेवढाही श्वास कोंडतो. महागडं जॅकेट घालून चोर्ला घाट चढलेल्या कुणालाही विचारा, आतून घामानं भिजलेला असतो.

म्हणून पैसे मेम्ब्रेनवर न घालता हवेच्या वाटेवर घातले. 70 डेनियरचं (धाग्याच्या जाडीचं माप) रिपस्टॉप, म्हणजे फाटलं तरी चीर पुढं जाऊ नये असं विणलेलं नायलॉन, आतून पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं कोटिंग. बगलेत जुन्या अंगरख्याला असतो तसा चौकोनी तुकडा, त्यामुळे हात वर केला तरी जॅकेट कमरेवरून उचलत नाही. त्याच्या मागच्या बाजूनं 40 सेंटिमीटरची चेन, वरून-खालून दोन्हीकडून उघडणारी. पाठीवर आडवी झडप आणि तिच्याखाली जाळी. खानापूरकडं रोप लावताना बाया पाठीवर इरलं घेतात. ते अंगाला चिकटत नाही आणि खालून वारं खेळतं. पाठीची झडप कापताना माझ्यासमोर तेच होतं.

शिवणीचं थोडक्यात: टाचण्या लावू नका, भोक पडलं की ते कायमचं. कागदाच्या क्लिपा चालतात. सुई बारीक टोकाची, धागा पॉलिस्टरचा. टेप पीयूच्या बाजूलाच चिकटते, सिलिकॉनच्या कापडाला इस्त्रीची टेप धरत नाही. इस्त्री रेशमाच्या खुणेवर आणि मध्ये सुती फडकं. गल्लीतले टेलरमामा दोनदा डोकावून गेले. ‘हे काय शिवायलास रे, तंबू?’ म्हणाले, पण कोपराच्या चुण्या त्यांनीच नीट करून दिल्या. कोपर आधीच वाकलेलं असलं की गाडीच्या हँडलवर बाही आखडत नाही.

आता मजेचा भाग. एरॉल्सन ह्यू आणि मिखाएला साखेनबाखर यांनी 1994 मध्ये काढलेल्या अ‍ॅक्रोनिम या टेकवेअर ब्रँडच्या जॅकेटांत आतून खांद्याचे पट्टे असतात. जॅकेट उतरवायचं आणि पाठीवर लटकवून हात मोकळे ठेवायचे. त्यांच्या बर्लिनमध्ये ती ऐट असेल. आपल्याकडं दहा मिनिटं धो धो, पुढची दहा मिनिटं ऊन, म्हणून ती गरज आहे. बॅगा शिवणाऱ्याकडून 25 मिलिमीटरची पट्टी घेतली, वर मानेशी आणि खाली कमरेच्या घेराशी पक्की टाकली. बेळगावच्या खडे बाजारातून हात मोकळे ठेवून पिशव्या घेऊन आलो, झकास. त्यांचा मनगटातून फोन हातात घसरणारा खिसा मात्र वगळला. पावसात फोन काढायचाच कशाला?

रंग गर्द शेवाळी, पाठीवर आणि बाह्यांवर परावर्तक पट्टी. टेकवेअर म्हणजे काळंच, हा हट्ट मला पटत नाही. संध्याकाळी धुक्यात चोर्ल्याच्या वळणावर काळा स्वार ट्रकवाल्याला दिसत नाही. दिसणं ही पण कामगिरीच की! काळ्याची हौस असेल तर ती पॅन्टमध्ये भागवा.

टोपीचं अजून ठरत नाही. हेल्मेटवरून येणारी टोपी चालताना छान दिसते, पण गाडीवर तिच्यात वारा भरतो आणि मान मागं ओढली जाते. हेल्मेटखाली बसणारी करायची तर कापड पातळ हवं, कपाळाची कड मऊ हवी, मग चालताना पाणी थेट डोळ्यांत. सध्या कल हेल्मेटखालच्या टोपीकडं आहे, कड वेगळी काढून बटणावर लावता येते का ते बघतोय. तीन तुकड्यांची टोपी कुणी हेल्मेटखाली वापरली असेल तर मानेमागची उंची किती ठेवली ते कळवा, कापड कापायच्या आत.