तक्रारखोर एरिकची बाजू

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' ही जुनी कार्टून मालिका मी अलीकडे पुन्हा पहिल्यापासून पाहिली, हे कळलेला प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो: दुसऱ्या जगात अडकलेली ती मुले शेवटी घरी पोहोचतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: पडद्यावर तरी नाही. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सप्टेंबर १९८३ पासून शनिवारी सकाळी दाखवली जाणारी ही मालिका २७ भागांनंतर, डिसेंबर १९८५ मध्ये, शेवटाविनाच थांबली. मायकेल रीव्हज यांनी लिहिलेला 'रेक्विएम' हा समारोपाचा भाग त्या वेळी कधी चित्रित झालाच नाही, आणि त्याच्या संहितेतही घरी जायचे की तिथेच राहायचे हा पर्याय मुलांपुढे ठेवून लेखकाने निर्णय मोकळाच सोडला आहे.

मात्र या खेपेला माझे लक्ष शेवटाकडे नव्हते, ते एरिककडे होते. जत्रेतल्या एका राइडमधून सहा मुले एका अद्भुत जगात जाऊन पडतात आणि डन्जन मास्टर नावाचा बुटका म्हातारा प्रत्येकाच्या हाती एकेक जादूची वस्तू देतो. हँकला धनुष्य मिळते, शीलाला अदृश्य करणारा झगा, बिचाऱ्या प्रेस्टोला मागाल ते सोडून भलतेच काही देणारी टोपी, आणि एरिकला ढाल. लहानपणी मला एरिक भित्रा आणि किरकिरा वाटत असे. आता पाहताना जाणवले की हा म्हातारा सरळ उत्तर न देता कोडी घालून नाहीसा का होतो, किंवा परक्यांच्या भांडणात आपण जीव धोक्यात का घालायचा, हे रास्त प्रश्न बहुतेक वेळा तो एकटाच विचारतो. आणि कथानक दर वेळी त्याला तोंडघशी पाडते.

हा योगायोग नव्हता. मालिकेच्या आखणीत सहभागी असलेले लेखक मार्क इव्हानिअर यांनीच पुढे लिहिले आहे की मुलांच्या कार्यक्रमांतून 'समाजहिताचा' संदेश गेला पाहिजे असा दबाव त्या काळी होता, आणि त्या संदेशाचा अर्थ होता की गट नेहमी बरोबर असतो, तक्रार करणारा नेहमी चुकतो. एरिक हे पात्र त्या हट्टापायी तसे घडले, आणि इव्हानिअर यांना स्वतःला ती शिकवण मुळीच पटलेली नव्हती. मुलांना एकजूट शिकवण्यात गैर काहीच नाही. पण वेगळे मत मांडणाऱ्याला दर शनिवारी हास्यास्पद ठरवणे म्हणजे एकजूट नव्हे, असे मला वाटते.

एका भागात मात्र त्याला न्याय मिळतो. डन्जन मास्टरचे काम सोपे असावे असे तो बोलून जातो आणि म्हातारा आपला वेष व शक्ती खरोखरच त्याच्या हवाली करतो. मग मित्रांना घरी पोहोचवण्याची आणि मालिकेतला खलनायक व्हेंजर याला तोंड देण्याची जबाबदारी एरिकवर येते, आणि एरवी पळवाट शोधणारा हा मुलगा ती टाळत नाही. त्यानंतर तो पुन्हा पहिल्यासारखा कुरकुरू लागतो. या वेळी मी त्याला हसले नाही.